श्वास धरणारे दाजी

श्वास रोखून संसार केलेला माणूस उभ्या मराठवाड्यात एकच, आणि तो नेमका आमच्या धाकट्या बहिणीच्या वाट्याला आला. हे आमचे दाजी नांदेडला, विष्णुपुरीकडच्या एका प्रयोगशाळेत मशीन सांभाळायचे. मशीन म्हणजे काय, तर डोळ्यांना न दिसणारा उजेड पदार्थातून सोडायचा. पदार्थ त्यातला कुठला उजेड गिळतो ते कागदावरच्या रेघेत उमटतं, आणि त्या रेघेतले खड्डे बघून दाजी सांगणार, हे रेशीम, हे नायलॉन, ही निव्वळ भेसळ. पण माणसाचा श्वासही उजेड गिळतो म्हणे, त्याचेही खड्डे पडतात. म्हणून नमुना ठेवताना दाजी श्वास धरायचे, आणि पुढं ती खोडच जडली. सुईत दोरा ओवताना श्वास बंद, दुधाचं पातेलं उतरवताना बंद. लातूरला माझ्या लेकीच्या लग्नात अक्षता टाकताना तर असे लालबुंद झाले, की बँडवाले वाजवायचे थांबले. नमुना ज्या मिठासारख्या भुकटीत खलायचा तिला दमट हवा चालत नाही, तर यांनी घरच्या मिठाच्या बरणीजवळही बल्ब लावलेला. "अक्का, ओल लई वाईट," मला म्हणायचे, "खरं रूप झाकून टाकते."

धाकटी मात्र झोपेतही बोलणारी. "एकदा तरी बघू द्या की त्या माझ्या सवतीला!" मशीन बघायचा, हा लग्नापासून तिचा एकच हट्ट. दाजींचं उत्तरही एकच, "तू गप बसणार हाईस का? तुझ्या एका वाक्यात माझा दिवस वाया जाईल."

मग तिला फुफ्फुसाचं दुखणं लागलं. चार पायऱ्या चढवेनात, तेव्हा दाजी आपणहून म्हणाले, "चल." आम्ही तिला खुर्चीत बसवून वर प्रयोगशाळेत नेलं. मशीनपुढं जाताच तिनं तोंडाला पदर लावला. आधीच दम पुरेना, त्यात श्वास धरून बसली. दाजींनी पदर बाजूला केला, झाकण उघडलं.

"बोल."

"काय बोलू?"

"रोज बोलतीस ते."

धाकटी वाकून आत बघत म्हणाली, "अगं बाई, एवढंसं खोकं! ह्याच्यापायी मला जन्मभर गप केलं का?"

दाजींनी झाकण लावलं. कागदावर तिच्या श्वासाचा, दोन टोकांचा एक खोल खड्डा उमटला.

धाकटीला जाऊन दोन पावसाळे झाले. दाजी आता लातूरला, आमच्याच गल्लीत राहतात. तो कागद मिठाच्या बरणीशेजारी, बल्बच्या उबेला ठेवलाय. परवा दाखवायला काढला, तर मी आपली श्वास धरून वाकले.

"सोडा अक्का, सोडा श्वास," दाजी म्हणाले. "बोला कायबी. घर लई गप झालंय."