जांगडवर आणलेलं ग्राफिक्स कार्ड

थांबा, आधी हे ऐका! बाकीची कामं नंतर, कारण हे माझ्या पोटात अजून एक दिवसही राहणार नाही. आम्ही ग्राफिक्स कार्ड जांगडवर आणलं होतं.

हो, जांगडवर. साड्या आणतात तसं! दुकानातून चार साड्या घरी न्यायच्या, आरशासमोर खांद्यावर टाकून बघायच्या, पटली ती ठेवायची, बाकीच्या परत. आमची आई उल्हासनगरच्या किशूशेठकडून माझ्या जन्माच्या आधीपासून असंच घेते. आता किशूशेठच्या मुलाने दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात कॉम्प्युटरचे पार्ट ठेवलेत. म्हणजे पुढे ड्रेस मटेरियल, मागे मदरबोर्ड. पण गल्ल्यावर अजून किशूशेठच, आणि नियमही त्यांचेच.

मी दोन कार्डांमध्ये अडकले होते. एक नवीन, छोटं, दोन पंख्यांचं, वॉरंटीवालं. दुसरं वापरलेलं, पण एकेकाळचं राजा कार्ड, तीन पंखे, वजन पाटा-वरवंट्यासारखं. आणि किंमत जवळजवळ सारखीच! मला एकच किडा चावत होता: जुन्याला ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलं, तर ते नव्याला मागे टाकेल का? यूट्यूबवर अर्धे म्हणतात हो, अर्धे म्हणतात वेडी आहेस का.

किशूशेठ माझ्या तोंडाकडे बघत बसले. मग सिंधीत मुलांना मारतात तशी लाडाची हाक मारून म्हणाले, "पुट, इतना क्या सोचती है? दोनों घर ले जा. मम्मी को दिखा. जो नहीं जँचा, वो वापस."

"काका, हे कार्ड आहे, साडी नाही!"

"तो क्या हुआ? साडी पे दाग लगता है, इस पे तो वो भी नहीं लगता."

झालं! रिक्षात दोन खोकी मांडीवर घेऊन मी अंबरनाथला आले.

आईने दोन्ही कार्डं हातात घेऊन उलटसुलट बघितली. "हे काळंच का दोन्ही? दुसऱ्या रंगात नाही?"

"आई, ते डब्याच्या आत बसतं. दिसत नाही."

"मग एवढं काय निवडत बसलीयेस?"

बाबांचं वेगळंच. बाबा फॅक्टरीत इन्स्पेक्शनला आहेत. तिथे साधा बोल्टसुद्धा ट्रायलशिवाय आत येत नाही. ओव्हरक्लॉक म्हणजे काय हे मी सांगितलं मात्र, त्यांनी टीव्ही बंद केला (क्रिकेट चालू असताना! नोंद घ्या!).

"म्हणजे प्रूफ टेस्ट! जास्तीचा लोड देऊन बघायचं, टिकतं का!"

"हो बाबा, तेच!"

"मग नीट करायचं. तोच गेम, तीच खुर्ची, तोच पंखा. कंडिशन सेम पाहिजे. आज एक कार्ड, उद्या दुसरं. नापास झालेल्याला दयामाया नाही. आणि ऋतू, पैसे एकदाच मिळणार. चुकीचं घेतलंस तर कॉलेज संपेपर्यंत त्याच्यावरच खेळायचं."

म्हणजे पुढची तीन वर्षं पणाला! मी गंभीर झाले.

शुक्रवारी जुन्या राजाचा नंबर. कॅबिनेट टेबलाखाली, पाठ भिंतीकडे. आधी ओव्हरक्लॉक न करता गेम लावला, तर काय पळालं! सेकंदाला नव्वदच्या पुढे फ्रेम. बाबा चष्मा कपाळावर चढवून बघत होते. "आता लोड वाढव."

वाढवला. शंभर! एकशे दहा! मी खुर्चीत उभी! बाबांनी तर टाळी वाजवली.

तेवढ्यात आई आत आली, टेबलामागे वाकली, काहीतरी खुडबुड केली.

"काय गं?"

"काही नाही, तू खेळ. किती वेळ चालवणारेस?"

"संध्याकाळपर्यंत तरी."

"चालव, चालव! मध्ये बंद करू नकोस हं!"

मित्रहो, जी बाई मला दहा वर्षं "बंद कर ते डबडं" म्हणत आलीये, ती म्हणतेय मध्ये बंद करू नकोस. आणि मला संशय आला नाही! मी म्हटलं, वा, आईला शेवटी माझी पॅशन कळली.

मग सुरू झाली घसरण. एकशे दहाचे नव्वद, नव्वदचे साठ. स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान लालभडक. कार्ड फार तापलं की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतं, हे मला माहीत होतं. पण एवढं? इतक्या लवकर? डिसेंबरात?

मी सेटिंग बदलली. पंखे फुल्ल केले. घरात विमान उतरतंय असा आवाज! तापमान आणखी वर. वेग थोडा खाली आणला, तरी चाळीस फ्रेम. मला आता खरंच कुतूहल वाटायला लागलं की हे कार्ड आहे की तंदूर.

"पिदडलेला माल आहे," बाबांनी निदान केलं. "कोणीतरी रात्रंदिवस वापरलाय. वरून पॉलिश."

आणि स्क्रीन काळी! ठप्प!

"रिजेक्ट," बाबा म्हणाले, आणि परत टीव्ही लावला.

शनिवारी नवीन कार्ड. शांत, थंड, शहाणं बाळ. साधं चालवलं तर पंच्याऐंशी. ओव्हरक्लॉक करून नव्वद. पार दुपारपर्यंत नव्वदच. बाबा म्हणाले, "पास." मी त्याच उत्साहात आमच्या गेमिंग ग्रुपवर लांबलचक रिव्ह्यू टाकला. शेवटची ओळ: "तीन पंख्यांचं ते जुनं कार्ड कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. मी स्वतः टेस्ट केलंय!!!" तीन उद्गारचिन्हं. मग उल्हासनगरला जाऊन राजाला परत करून आले. "काका, हे खराब आहे," असंही ऐटीत सुनावलं.

रविवारी बदलापूरची आत्या जेवायला. पानात दहीवडे. आत्याने पहिला घास घेतला आणि थांबलीच. "वहिनी, दही काय लागलंय! आमच्याकडे या थंडीत दोन-दोन दिवस विरजण तसंच पाणी राहतं."

आई लाजली. "अहो, ऋतूच्या कॉम्प्युटरमागे ठेवलं होतं शुक्रवारी. मस्त गरम हवा येते तिथून. वरून ह्यांची लोकरीची शाल घातली, पातेल्यावर आणि त्या डब्याच्या पाठीवर पण. ऊब बाहेर जायला नको ना."

माझ्या हातातला वडा हातातच.

म्हणजे ज्या जाळीतून कार्डाची गरम हवा बाहेर पडते, तिच्यावर बाबांची शाल!

"आई!! शनिवारी शाल होती?"

"नाही गं, शुक्रवारीच दही लागलं. काढून धुवायला टाकली."

मी बाबांकडे बघितलं. "बाबा, तुमची सेम कंडिशन!"

बाबांनी आयुष्यभर इन्स्पेक्शन केलंय. त्यांनी पानातल्या दहीवड्याचं इन्स्पेक्शन सुरू केलं.

उष्ट्या हाताने किशूशेठना फोन लावला. "काका, ते जुनं कार्ड मला परत पाहिजे!"

"अरे पुट, वो तो गया. कल शाम को ही. वो लड़का है ना, बुवापाडा का, प्रतीक. तेरा ही दोस्त है बोला."

प्रतीक! ग्रुपमधला प्रतीक! जो आजपर्यंत प्रत्येक पार्ट मला विचारूनच घेत आलाय, तोच! त्याला फोन केला.

"अरे, माझा रिव्ह्यू वाचला नाहीस का?"

"वाचला ना! तोच शेठला दाखवला. म्हटलं, बघा, लोक काय लिहितायत. शेठने गपचूप भाव उतरवला. थँक्यू हं ऋतू! आणि सॉलिड पळतंय यार, ओव्हरक्लॉक करून एकशे पंधरा, गरमच होत नाही. तुझ्याकडे का बंद पडत होतं?"

आता काय सांगू? शाल सांगू? दही सांगू?

"व्होल्टेज," मी म्हटलं. "आमच्या एरियात व्होल्टेजचा फार प्रॉब्लेम आहे."

"अच्छा अच्छा. बरं ऐक ना, पुढच्या महिन्यात मला प्रोसेसर पण घ्यायचाय. तू फक्त कुठला घेऊ नको ते सांग, मी तोच घेतो."

तर आता खरं खरं सांगा, तुमच्या घरात कोणी तुमच्या एवढ्या मोठ्या शास्त्रीय प्रयोगावर अशी शाल पांघरलीये का? की स्वतःच्या रिव्ह्यूने दुसऱ्याला डिस्काउंट मिळवून देणारी अख्ख्या अंबरनाथमध्ये मी एकटीच आहे?