अनुसयाआजींची पांढरी साडी

इंदूबाईंच्या आईला मी लाल साडी नेसवली. जुन्या फोटोत रंग भरताना कॉम्प्युटरनं नेसवली असं म्हणायची सोय होती, पण माऊस माझ्याच हातात होता.

"लाल?" प्रताप नगरातल्या आमच्या स्टुडिओच्या काउंटरवर इंदूबाईंनी प्रिंट उलटी ठेवली. "छप्पनच्या धम्मदीक्षेहून आल्यावर काढला होता हा फोटो. माय पांढरी नेसून गेली होती. सारेच गेले होते. तुह्यं नाव काय म्हणलं, बाबू?"

"प्रशिक."

"अन् बौद्धाचं पोर असून लाल?"

काटोलच्या शाळेत इतिहासात मी पहिला होतो. हे तिथं सांगितलं नाही.

इंदूबाई पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटतात. बोलतानाही त्यांचे हात लाटल्यासारखे पुढंमागं होत असतात. आज ते निपचित होते, म्हणून मी घाबरलो. त्यांच्या आईचा, अनुसयाआजींचा, एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्याचं ऑपरेशन काल धंतोलीतल्या दवाखान्यात झालं होतं आणि पट्टी आज दुपारी सुटणार होती. डॉक्टर "पाहू" एवढंच म्हणाले होते. आजींचं एकच मागणं: पट्टी सुटली की पहिले माहा तो फोटो दाखवा. मूळ फोटो आगपेटीएवढा, म्हणून ही मोठी प्रिंट.

"ब्लॅक अँड व्हाइटच देतो ना मावशी, आहे तसा."

"एवढा मोठा काळा-पांढरा? आमच्या घरी तसे सारे हारवाले हायेत. डोळा उघडल्याबरोबर तिले वाटन, पोरीनं माही तयारीच करून ठेवली."

सेपिया करून दाखवला. लग्नवाले त्यावर जीव टाकतात.

"बाप्पा! साडी चहात बुडवली काय गा?"

राहिला रंग. चेहरा सावळा केला, साडी पांढरी. काठापाशी हात थांबला. फोटोत तो नुसता करडा पट्टा.

"काठ कोणता होता?"

"मी जन्मली नव्हती गा!"

पुन्हा चूक नको, म्हणून काठही पांढरा करून टाकला.

"आता तूच चाल संगं," इंदूबाई म्हणाल्या. "तिनं विचारलं त तोंड दाखवाले कोणी पायजे."

दुपारी दवाखान्यात पट्टी सुटली. आजींनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. इंदूबाईंनी घाईत प्रिंट उलटीच धरली. मी सरळ केली.

"दिसते का वं माय?"

आजी बोट फोटोवर फिरवू लागल्या, गेली दोन वर्षं चाचपडत फिरवायच्या तसंच. इंदूबाईंनी माझं मनगट गच्च धरलं.

बोट साडीच्या कडेला थांबलं.

"काठ कुठी गेला वं? जांभळा होता. कोणं खाल्ला?"

मनगट सुटलं. इंदूबाईंचे हात हवेत पुन्हा पोळ्या लाटू लागले.

"ह्या पोरानं, माय! पहिले त तुले लाल नेसवून राहिला होता."

"लाल?" आजींनी तो एकुलता डोळा माझ्यावर रोखला. चांगलाच दिसत होता त्यांना.

जांभळ्या काठाची प्रिंट अजून माझ्याकडे बाकी आहे. आतापर्यंत दाखवलेले सगळे जांभळे आजींनी नापास केलेत.