बटणातली पाचर

वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं कुरुळीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून पार्ट काढायच्या मशीनवर गेली, तेव्हा मी दहावीत होते. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात मध्ये सापडत नाही. पण माल लवकर निघावा म्हणून सुपरवायझर एका बटणात लाकडी पाचर ठोकायला लावायचा, म्हणजे ते दाबलेलंच राहायचं आणि एक हात मोकळा. शेडमध्ये सगळीकडे हीच पद्धत.

टाके निघायच्या आत कामावरून काढल्याचं पत्र आलं, सोबत अपघाताचा इंग्रजी रिपोर्ट. मीच वाचून दाखवला. 'द बटन वॉज फाउंड जॅम्ड.' बटण अडकवलेलं आढळलं. खाली, निष्काळजीपणा कामगाराचा.

"आढळलं? पाचर काय उगवली व्हय तिथं?" वडील म्हणाले. "त्यानंच दिली की हातात. त्याचं नाव न्हाई कुठं?"

नव्हतं. शाळेत पॅसिव्ह व्हॉइसला मला पैकीच्या पैकी मार्क होते. कर्ता महत्त्वाचा नसला तर गाळावा, असं शिकवलेलं. इथं महत्त्वाचा होता म्हणूनच गाळलेला. त्या महिन्यापासून आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायला जाऊ लागली.

घरातली पहिली पदवी माझी. पुढे सेफ्टीचा डिप्लोमा केला, चाकणच्या एका प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर म्हणून लागले. तिथं असल्या रिपोर्टांच्या फायलीच वाचल्या. तपासणी राहून जाते, निर्णय घेतला जातो, मशीनचा गार्ड काढला जातो. करणारा कुणीच नाही. पगारवाढ मागताना मात्र हे लिहिणाऱ्याच साहेबांना 'मी केलं, मी केलं' बरोबर सुचतं. भित्री माणसं, आणि इंग्रजीचा केवढा तोरा!

गेल्या वर्षी आमच्याच प्लांटमध्ये एका ऑपरेटरचं बोट चेंगरलं. तीच पाचर. रिपोर्ट लिहायला माझ्याकडे आला, मागोमाग मॅनेजर.

"मॅडम, 'बटन वॉज जॅम्ड' एवढंच टाका. प्रोफेशनल वाटतं."

"कुणी जॅम केलं, सर?"

"ते कशाला लागतंय?"

"नाही लिहिलं तर ऑपरेटरची नोकरी जाते. म्हणून लागतंय."

"इंग्रजी येतं ना तुम्हाला?"

"येतं ना. म्हणूनच विचारते."

मी लिहिलं: सुपरवायझरने ऑपरेटरला पाचर ठोकायला सांगितलं. पुढे सुपरवायझरचं पूर्ण नाव. शेजारच्या प्रेसवरच्या दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या, आणि कागद मी स्वतः प्लांट हेडच्या टेबलावर ठेवला.

तो ऑपरेटर आज कामावर आहे. आमच्या प्लांटमधल्या एकाही बटणात पाचर नाही. त्या सगळ्या मी काढायला लावल्या.