डावी बाजू

गापेने हाक मारली तेव्हा ओबुसित्से जंगल बघायला आलेल्या पाहुण्यांच्या तंबूचा शेवटचा खुंटा ठोकत होता. हाक घाईची नव्हती, पण तिच्यात काहीतरी होतं. तो हातोडा तसाच टाकून रांधायच्या जागेकडे गेला. गापे परातीपासून दोन पावलं लांब उभी होती. पावासाठी मळलेल्या पिठात लाल थेंब पडले होते, आणि तो बघत असताना आणखी एक पडला.

"वर बघ," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं. रानउंबराची पानं दिसली, पानांतून उतरलेलं दुपारचं ऊन दिसलं, आणि डावीकडे नेहमीचा राखाडी पडदा. मान आणखी वळवली तेव्हा कुठे फांदीच्या बेचक्यात अडकवलेलं इंपाला हरीण नजरेत आलं. त्याची मान खाली लोंबत होती. बिबट्याची शिकार, तीही त्याच दिवसाची. आणि ओबुसित्सेने स्वतः फिरून, झाड निरखून, मुक्कामाला हीच जागा निवडली होती.

"मला दिसलं होतं," तो म्हणाला. "जाईल तो. माणसांच्या वासाने येणार नाही."

गापेने त्याच्या ओठांकडे पाहिलं. ती त्याच्या मावशीची मुलगी, सहलीत स्वयंपाक-भांडी करायला आलेली. घरात तिसरी मुलगी झाली म्हणून 'पुन्हा मुलगीच' या अर्थाचं लांबलचक नाव बापाने रागाने ठेवलं, आणि गावाने त्याची गापे केली. दोघं खवाई गावातल्या एकाच वाडीत वाढली. तो खोटं बोलताना खालचा ओठ चावतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने पीठ फेकून दिलं, चूल पलीकडच्या झाडाखाली हलवली, आणि पाहुण्यांना सांगितलं की इथे मुंग्या फार आहेत.

संध्याकाळी पाहुणे जेवायला बसले तेव्हा ती भांड्यांपाशी त्याच्याजवळ आली. "कधीपासून?" तिने एवढंच विचारलं.

गेल्या पावसाळ्यापासून, त्याने सांगितलं. आधी डाव्या डोळ्याच्या कडेला धूर साचल्यासारखं वाटायचं. मग धूर आत सरकला. माउनच्या दवाखान्यातल्या नर्सने फ्रान्सिसटाउनला मोठ्या डॉक्टरांकडे जा म्हणून बजावलं होतं, पण सहलींचा हंगाम तोंडावर होता, आणि एकदा डॉक्टरांनी तपासलं की गाइडचा परवाना गेलाच. पंचवीस वर्षं तो हेच करत आला होता. त्याचा बाप शिकाऱ्यांना माग काढून द्यायचा, तो फोटो काढणाऱ्यांना देत होता. दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शिकावंसंही वाटलं नव्हतं.

"आणि उजवा?"

"उजवा चांगला आहे," तो म्हणाला, आणि ओठ चावला.

गापेने मग तोड काढली. दुसऱ्या दिवसापासून ती गाडीत पुढे, त्याच्या डावीकडे बसू लागली. पाहुण्यांना सांगितलं की बाईला गाइडचं काम शिकायचंय. पाहुणे चौघंच होते: फोल्कर आणि त्याची बायको उटे हे जर्मन जोडपं, आणि केपटाउनच्या दोन म्हाताऱ्या बहिणी. सगळ्यांना ते फार आवडलं. डावीकडे काही दिसलं की गापे गुडघ्याने त्याचा गुडघा दाबायची. तो गाडी हळू करायचा, मान वळवून शांतपणे सांगायचा, तिकडे बघा, सिंहीण. धाकटी बहीण एकदा म्हणाली की तुम्हाला मानेच्या मागेही डोळे आहेत. सगळे हसले. तोही हसला आणि लगेच गाडी पुढे काढली.

दोन दिवस असे निभावले. रोज मात्र त्याला काहीतरी नवं कळत होतं. कपात चहा ओतताना धार बाहेर पडली. वाळलेल्या ओंडक्याला त्याने मगर म्हटलं आणि पाहुण्यांना ती थट्टा वाटली. ऑक्टोबरचं ऊन असं की नदीत पाण्यापेक्षा चिखल जास्त, आणि सगळी जनावरं तेवढ्याशा पाण्याभोवती गोळा झालेली. हत्ती, रानरेडे, पाणघोडे, सगळेच चिडलेले. अशा दिवसांत बाप त्याला घराबाहेर सोडत नसे.

सहलीत एका सकाळी पायी फिरवायचं ठरलेलं होतं. आदल्या संध्याकाळी गापेने विनवलं की ताप आलाय म्हणून सांग, मी काढा करून देते, कुणाला संशय यायचा नाही.

"ही वाट माझे पाय ओळखतात," तो म्हणाला.

"पायांना शिंगं दिसतात का, दादा?"

त्याला राग आला. भांडी घासायला आलेल्या बाईने मला जंगल शिकवू नये, असं तो बोलून गेला. गापेचा चेहरा त्याला नीट दिसला नाही, पण ती उठून गेली हे ऐकू आलं. सकाळी मात्र ती पाण्याची पिशवी खांद्याला लावून तयार होती.

तो पुढे, मागे ओळीने पाहुणे, शेवटी गापे. उटे सारखी मागे पडत होती म्हणून गापेला तिच्यासोबत राहावं लागलं. कोरड्या नाल्याच्या काठाने ते चालले. वारा पडला होता. कबुतरंही गप्प होती. एवढी शांतता त्याला बरी वाटेना. परतावं, असं एकदा मनात आलं. पण मागे चौघं होती आणि त्यांनी अजून काहीच पाहिलं नव्हतं.

मग पक्ष्यांचा तो करकर आवाज आला. रेड्यांच्या अंगावरच्या गोचिड्या टिपणारे पक्षी. आवाज जवळचा, फार जवळचा. तो जागीच थांबला. हात वर केला. उजवीकडे पाहिलं, समोर पाहिलं. झुडपं, सावल्या, पुन्हा झुडपं. डावीकडे नुसता धूर. जनावर कुठे आहे हे कळल्याशिवाय पाऊल कुठे टाकायचं हे त्याला कळेना, आणि चार माणसं त्याच्या पाठीकडे बघत उभी होती.

"गापे," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "कुठाय तो?"

फोल्करने चमकून त्याच्याकडे पाहिलं. गापे ओळीच्या कडेने पुढे धावली आणि त्याच्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली.

"झुडपाच्या सावलीत. एकटा आहे, म्हातारा. उठतोय."

त्याने पाहुण्यांना वारुळामागे जायला सांगितलं, पळू नका, मागे मागे सरका. आवाज थरथरला नाही, एवढंच त्याला पुढे आठवत राहिलं. पाहुणे वारुळाआड पोचले. गापेने त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. तो वाकला, अडखळला, आणि त्याच वेळी फांद्या मोडल्याचा आवाज आला. त्याला रेडा दिसलाच नाही. धुळीचा वास आला, अंगावरून काहीतरी जड गेल्यासारखा वारा आला, आणि दंडावरचा गापेचा हात सुटला.

रेडा थांबला नाही. तसाच नाल्यात उतरून पलीकडे गेला. गापे झुडपात पडली होती. मांडी फाटली होती, हाड मोडलं होतं. ओबुसित्सेने शर्ट काढून मांडीला करकचून आवळला. पाहुण्यांनी तिला उचलून गाडीपर्यंत आणलं. तो सवयीने स्टिअरिंगकडे वळला, तर फोल्करने त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"तुम्ही वाट सांगा," एवढंच तो म्हणाला.

सगळी वाट ओबुसित्सेने सांगितली. इथे उजवीकडे घ्या, इथे वाळू आहे, वेग सोडू नका. मागच्या बाकावर गापे कण्हत होती तोवर त्याला धीर होता. ती गप्प झाली की तो मागे वळायचा, आणि थोरली बहीण सांगायची की श्वास चालू आहे.

गापे वाचली. पाय मात्र आखडला तो आखडलाच. सहलीच्या कंपनीच्या ऑफिसात कुणी विचारायच्या आधीच ओबुसित्सेने डोळ्यांचं सगळं सांगून टाकलं आणि परवाना टेबलावर ठेवला. फ्रान्सिसटाउनच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती टिकेल तेही सांगता येत नाही.

आता तो खवाईला सख्ख्या बहिणीच्या अंगणात बसून असतो. दिवस कलला की हत्ती कुंपणापर्यंत येतात. किती आहेत ते तो आवाजावरून सांगायचा, हल्ली सांगत नाही. गापे पहिल्यांदा आली ती पाऊस पडून गेल्यावर, कुबडी टेकत. त्याच्या डाव्या बाजूला बसली. ती आल्याचं त्याला पावलांवरून कळलं होतं; त्याने आपलं ताट तिच्याकडे सरकवलं. दोघांनी एका ताटातली लापशी खाल्ली.

"त्या दिवशी मी तुला भांडीवाली म्हटलं," ताट रिकामं झाल्यावर तो म्हणाला.

"म्हटलंस," ती म्हणाली.

मग तिने ताट उचललं आणि कुबडी टेकत आत घेऊन गेली. कुंपणापलीकडे फांदी मोडल्याचा आवाज झाला. ओबुसित्से उठून उभा राहिला आणि, काही दिसत नसूनही, बराच वेळ त्या दिशेने बघत राहिला.