भुवनेश्वरीची वेलांटी

मी आज जो काही आहे, तो तेलीबांध्याच्या सॉफ्टवेअर ऑफिसात माझं काम तपासणाऱ्या ताईंमुळे. हातात काहीही देताना त्या आकडा सांगत. समोशांचा पुडा असो की कागद, "चार आहेत, पाहून घे." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना किरकिरी म्हणतो.

मी डोंगरगढच्या हिंदी शाळेतला, घरातला पहिला पदवीधर. मराठी बोलताना अडखळायचो. "हिंदीत काहून बोलून राहिला? मी का परकी आहो?" असं म्हणत त्यांनीच मला मराठी लिहायला लावलं.

दवाखान्यातल्या रक्ताच्या नळ्यांवर रुग्णाचं नाव छापायचं काम होतं. माझा प्रोग्राम पायथॉनमध्ये, छापणारा जुना सी भाषेत. एकातून दुसऱ्यात नाव जात नाही, नुसते बाइट जातात. ताई म्हणाल्या, "सीले अक्षर समजत नाही, पोट्ट्या. त्याले डबे दिसतात. किती डबे, ते नीट मोजून सांग."

मी तीस सांगितले. तीस अक्षरं पुष्कळ झाली, असं वाटलं. पण देवनागरीत काना, मात्रा, पायमोडका हलंतसुद्धा तीन-तीन बाइट खातो. 'भुवनेश्वरी'त अक्षरं आणि खुणा मिळून दहा, म्हणजे तीस बाइट तिथंच संपले. शिवाय नाव संपलं हे कळायला सीला एक बाइट वेगळा लागतो. शेवटची वेलांटी तुटून गळली. नळीवर छापलं गेलं, 'भुवनेश्वर'. बाईच्या रक्तावर पुरुषाचं नाव, म्हणून लॅबनं नळी फेकली आणि तिला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली.

साहेबांनी बोलावलं. मी प्रोबेशनवर होतो. "मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणालो.

"चाचणी मी पास केली," ताई म्हणाल्या. "चूक माझ्या नावावर लिहा."

"मॅडम, इस बार आपका प्रमोशन है."

"हव. लिहा."

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "तोंड काहून पाडून राहिला? चल, त्या बाईची माफी मागून येऊ." गेलो. त्या बाईनं आम्हालाच चहा पाजला. परतताना ताई दंड चोळत म्हणाल्या, "मले तर एका सुईचीच भीती वाटते."

बढती अडली ती अडलीच. पुढे आईच्या आजारपणामुळे त्या नोकरी सोडून गोंदियाला गेल्या. फोनवर मला बोलणं जमलं नसतं, म्हणून आज पत्र टाकलं:

'ताई, त्या दिवशी मी खोटं बोललो. नळ्यांवर नावं छापण्याच्या आदल्या दिवशी चाचणीत मला "भुवनेश्वर" दिसलं होतं, शेजारी "स्त्री" लिहिलेलं. नोकरी जाईल म्हणून तुम्हाला दाखवलं नाही. आज साहेबांना हे सांगितलं. ती नोंद तुमच्या नावावरून काढून माझ्या नावावर करा म्हणालो. त्यांनी माझ्यासमोर केली. माझ्या नोकरीचं उद्या सांगतो म्हणाले.'