तुळशीच्या कुंडीचा टिकाऊ रंग : बरकतपुरा ते कोठी, कोठी ते अंबरपेठ

इथल्या इथे, बरकतपुऱ्याहून कोठीच्या बाजारात जाणं हा काय प्रवास झाला, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं असतं. पण परवा रिक्षात बसले तेव्हा मला धास्ती वाटत होती, आणि आणायचा होता फक्त कुंडीचा रंग.

तुळशीचं लग्न जवळ आलंय. गच्चीवरची तुळशीची कुंडी दरवर्षी मामंजी, म्हणजे माझे सासरे, स्वतः गेरूने रंगवतात आणि वर चुन्याची स्वस्तिकं काढतात. पावसाळ्यात सगळं धुऊन जातं, कार्तिकात ते पुन्हा रंगवतात. यंदा त्यांचा बायपास ठरलाय. जिना बंद. आदल्या संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, "सूनबाई, गेरू बस झाला. टिकाऊ रंग आण. एकदा लावला की मागे कुणाला दरवर्षी बघायला नको."

हा माणूस मनातल्या मनात आवराआवर करत होता. मी तो रंग आणला, तर त्या आवराआवरीला माझाही हातभार लागणार होता. न आणावा तर आजारी माणसाचा शब्द मोडला.

कोठीला जायचं तर सकाळी दुकानं उघडतानाच पोहोचा, नंतर रिक्षा आत शिरता शिरत नाही. पहिल्याच दुकानदाराने डबा काउंटरवर आपटला.

"बाहर रखना है ना मॅडम? ऑइल पेंट लेलो. दस साल कुछ नै होता."

"मट्टी का गमला है भाई. रोज पानी डालते."

"तो क्या हुआ? गमला जाएंगा, पेंट रहेंगा!"

दुकानातले सगळे हसले. मला हसता येईना. डबा तिथेच ठेवून मी बाहेर पडले.

जे कुणी कुंड्या रंगवायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी सांगते. मातीची कुंडी आतून पाझरते, आणि ऑइल पेंटच्या पापुद्र्यातून ते पाणी बाहेर पडत नाही. मग फोड येतात. आमच्या शेजाऱ्यांच्या कुंड्यांचं तेच झालं. बाहेरच्या भिंतींचा पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक इमल्शन त्यापेक्षा बरा. कुंडी घासायची, उन्हात खडखडीत वाळवायची, प्रायमर लावायचा आणि मग पातळ दोन हात, तेही फक्त बाहेरून. तळाचं भोक मोकळं ठेवायचं. चकचकीत रंगावर क्षारांचे पांढरे डाग उठून दिसतात, म्हणून मॅट घ्यावा.

इराणी हॉटेलात चहा घेत होते, तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"अगं, बाबांनी सांगितलंय ना? मग आण आणि मोकळी हो."

"ते असं का म्हणाले, कळलं नाही का तुला?"

"कळलं. म्हणूनच म्हणतो, वाद नको."

म्हणजे घाबरलेली मी एकटी नव्हते. त्याने धीर यायला हवा होता. उलट चहा तसाच ठेवून मी अंबरपेठच्या रिक्षात बसले.

अंबरपेठचा रस्ता खोदलेला होता, रिक्षावाल्याने वरचे वीस रुपये मागितले. तिथल्या छोट्या दुकानात गल्ल्यावर बाई होत्या. त्यांच्याकडे मॅट ॲक्रिलिकचा विटकरी रंग मिळाला, छोटा डबा.

"तुलसम्मा का है?" त्यांनी विचारलं. "हमारे में तो हर शुक्रवार को हल्दी लगाते. पक्का रंग कौन लगाता, अम्मा?"

मी डबा घेतला. शेजारच्या पूजेच्या दुकानातून गेरूची पुडीही घेतली. एकच काहीतरी ठरवायची हिंमत नव्हती. बाहेर बंडीवरची, म्हणजे हातगाडीवरची, मिरची भजी गरम होती, तिखट होती, याहून जास्त काही आठवत नाही.

घरी मामंजींसमोर डबा ठेवला. "आणलाय. पण हा टिकायचा तर कुंडी पूर्ण वाळवावी लागते. तुळस उपटावी लागेल."

"लग्नाच्या तोंडावर तुळस उपटणार?" ते उठून बसले. "डोकं ठिकाणावर आहे का? गेरूच लाव मग. डिंक घाल त्यात, आणि पातळ करू नको."

मी खोटं बोलले नाही. पण ओल्या कुंडीलाही रंग लावता येतो, फक्त लवकर पोपडे निघतात, हे मी सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं का? अजून ठरत नाही.

गच्चीवर व्हिडिओ कॉल लावून फोन कठड्याला टेकवून ठेवला होता. खालून, अंथरुणातून, त्यांचा आवाज येत होता. "आडवा, ब्रश आडवा धर! भिंत सारवतेस का?" मागून सासूबाई म्हणाल्या, "अहो, दम लागेल, हळू बोला." त्यांचं ऐकता ऐकता चुन्याचं एक बोट घसरलं.

उद्या सकाळी त्यांना दवाखान्यात न्यायचंय. ॲक्रिलिकचा डबा माळ्यावर ठेवलाय. भीती काही गेलेली नाही. हे लिहितानाही मधूनमधून मी त्यांच्या खोलीत डोकावून येते आहे. मघाशी गेले तेव्हा ते कुंडीचा फोटो मोठा करून बघत होते.

"डावीकडचं स्वस्तिक वाकडं काढलंयस," म्हणाले. "राहू दे, पुसू नको. मी आलो की करतो नीट."