सर्व्हरमधला घुसखोर

आता माझा शहाणपणा ऐकायचाच आहे ना तुम्हाला? मग चहा घ्या, आणि मध्ये दात काढू नका. मी अजून तापलेलोच आहे!

आमच्या कलकत्त्याच्या कंपनीचा डेटाबेस सर्व्हर विंडोजवर चालतो. त्याला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, टाकायचा तो रविवारी दुपारी, कारण संध्याकाळी हावड्याच्या गोदामात ट्रक लागतात. तोवर सर्व्हर सुरू झाला नाही, तर एक खोकंसुद्धा बाहेर पडत नाही.

मी नीट बॅकअप घेतला. मग पॅचआधीच्या तपासणीसाठी डेटाबेस ‘सिंगल यूझर’वर टाकला. म्हणजे आत एकालाच जागा. अर्थात मला!

शिरायला जातो, तर जागा भरलेली! हाकलला मेल्याला. मिनिटभरात परत हजर! बरं, कोण ते कळावं तर सगळ्यांचं लॉगिन एकच. हा कारभार कोणाचा? माझाच. वेगवेगळी लॉगिनं करायचा कंटाळा, दुसरं काय!

गोदाम सांभाळणाऱ्या मित्रादांना फोन लावला. “मित्रादा, सिस्टम पे कौन बैठा है?”

“संडे को कौन बैठेगा, कुलकर्णीदा? मैं तो घर में मांस-भात खा रहा हूँ।”

“खाना बाद में! जाके सब मशीन बंद करो!”

मी असा ओरडलो की बिचारे भरल्या ताटावरून उठले. भर उन्हात गोदामात जाऊन सगळी मशिनं बंद केली. वर मी नेटवर्कच्या वायरीही उपटायला लावल्या. तरी तो आतच!

माझं डोकंच फिरलं. थेट आमच्या बॉसला, सेनसाहेबांना फोन. “सर, हॅकर घुसा है!”

“ऑफिस का भी सब बंद करो,” साहेब म्हणाले. “पुलिस को मैं बोलता हूँ।”

तणतणत मीटिंग रूममध्ये शिरलो, तर भिंतीवरच्या टीव्हीवर मीच बनवलेला डॅशबोर्ड चालू! शुक्रवारी साहेबांपुढे मिरवायला लावला होता, बंद कोण करणार? माझा काका? ताजे आकडे आणायला दर मिनिटाला तोच सर्व्हरमध्ये शिरत होता!

बटण दाबलं. घुसखोर गायब. पॅच झाला. आता वायरी परत लावा म्हणून मित्रादांना कुठल्या तोंडाने सांगायचं? सांगितलं! ट्रक निघाले एकदाचे, उशिरा का होईना.

तेवढ्यात साहेबांचा फोन. “पकड़ा गया? कौन है? अपना ही आदमी?”

मी हळूच म्हणालो, “जी सर... मराठी है।”

आणि आमच्या अख्ख्या ऑफिसात मराठी माणूस मी एकटाच!